पाच टक्के की सरसकट दीड टक्का? आधी स्वतःचं स्टेटमेंट काढा, मग बोलू

तुमचा प्रश्न असा की समोर तीन कार्डं आहेत. पहिल्यावर किराणा आणि बाहेरच्या खाण्यावर ५% कॅशबॅक, दुसऱ्यावर सगळ्याच खर्चावर सरसकट १.५%, आणि तिसऱ्यावर ऑनलाइन खरेदी व बिलांवर ३% आणि बाकी सगळ्यावर १%, पण त्याला वर्षाची फी आहे, तर रोजच्या घरखर्चाला यातलं कुठलं घ्यावं. शिवाय घरभाडं कार्डावर भरलं तर परवडेल का आणि जोडीदाराच्या नावाने ॲड-ऑन, म्हणजे तुमच्याच खात्यावरचं जादा कार्ड काढलं तर कॅशबॅक दुप्पट होईल का, हेही विचारलंयत. मी बरीच वर्षं कार्डांच्या रिवॉर्डच्याच कामात काढलीत, म्हणजे टेबलाच्या त्या बाजूला बसून हेच ५% मोठ्या अक्षरात आणि त्याच्या अटी बारीक अक्षरात लिहायचं काम, त्यामुळे उत्तर लांबणार आहे, सवडीने वाचा.

पहिलं म्हणजे कार्डाची तुलना कार्डाच्या माहितीपत्रकावरून करू नका, स्वतःच्या खर्चावरून करा. माहितीपत्रकात असतो तो टक्का वेगळा आणि तुमच्या पदरात पडतो तो वेगळा, आणि या दोघांत किती अंतर असतं हे बघितल्यावर बहुतेकांचा विश्वास बसत नाही. गेल्या तीन महिन्यांची स्टेटमेंटं काढा, क्रेडिट कार्ड नसेल तर बँक खात्याची काढा, आणि पेन घेऊन खर्चाचे सहा-सात ढीग करा. तीन महिने अशासाठी की एका महिन्यात एखादी मोठी खरेदी नाहीतर दुरुस्ती निघते आणि सगळं चित्र वाकडं होतं.

आता उदाहरण घेऊ. चलन कुठलंही धरा, महिन्याचा एकूण खर्च १,००० मानू म्हणजे टक्के काढायला सोपं. त्यात किराणा ३००, बाहेरचं खाणं १२०, इंधन १००, वीज-फोन-इंटरनेटची बिलं १५०, ऑनलाइन खरेदी १८०, आणि औषधं, दुरुस्ती, शाळेचं सामान वगैरे उरलेलं १५०. तुमचे आकडे वेगळे असतील पण एका साध्या घराचा खर्च साधारण असाच विखुरलेला असतो.

पहिलं कार्ड बघा, ५% वालं. किराणा अधिक बाहेरचं खाणं मिळून ४२०, त्याचे ५% म्हणजे २१, असं आपण मनात धरतो. पण असल्या कार्डाला जवळपास नेहमीच महिन्याची कॅप, म्हणजे कॅशबॅकची कमाल मर्यादा असते, समजा ती १२ आहे. म्हणजे २४० खर्चाला कॅप भरली आणि पुढच्या १८० वर काहीच नाही. उरलेल्या खर्चावर अर्धा टक्का, पण इंधन आणि बिलं त्यातून वगळलेली, तेव्हा अर्धा टक्का मिळतो फक्त ऑनलाइन आणि उरलेल्या अशा ३३० वर, म्हणजे १.६५. एकूण १३.६५. जाहिरात ५% ची आणि हातात आले १.३७%.

दुसरं कार्ड सरसकट १.५% चं. सरसकट म्हणतात खरं पण इंधन बहुधा यातूनही बाहेर असतं, तर ९०० चे १३.५०. म्हणजे ज्या दोन कार्डांमध्ये जाहिरातीत तिप्पट-चौपट फरक दिसत होता ती या घरासाठी १५ पैशांच्या फरकाने बरोबरीत सुटली!

तिसरं कार्ड, बिलं आणि ऑनलाइन मिळून ३३०, त्याचे ३% म्हणजे ९.९०, इंधन सोडून बाकी ५७० वर १% म्हणजे ५.७०, एकूण १५.६०. वरवर बघता हे सगळ्यात चांगलं दिसतं. पण फी वर्षाला ६० धरली तर महिन्याला ५ गेले, राहिले १०.६०. तिघांत शेवटचं.

एकच कार्ड घ्यायचं असेल तर माझं मत दुसरं, १५ पैसे गेले खड्ड्यात, कारण त्यात लक्षात ठेवायचं काही नाही आणि पुढच्या महिन्यात खर्च इकडचा तिकडे झाला तरी टक्का हलत नाही. पहिल्या कार्डावर त्याच महिन्यात पाहुणे आले आणि किराणा दुप्पट झाला तरी कॅशबॅक तेवढाच, १२.

पण खरी मजा दोन कार्डं एकत्र वापरण्यात आहे. पहिल्या कार्डावर किराणा-खाण्याचे फक्त २४० करायचे, कॅप भरली की ते पाकिटात आत सरकवायचं, आणि बाकी सगळं दुसऱ्यावर. मग १२ अधिक ६६० चे दीड टक्के म्हणजे ९.९०, एकूण २१.९०. एकदम २.२% च्या घरात गेलात, एकट्या कुठल्याही कार्डापेक्षा दीडपटीहून जास्त. आणि आता लोक म्हणतात मग तिसरंही घेऊन टाकू. घ्या हिशोब करून, पहिल्याचे १२, तिसऱ्यावर बिलं आणि ऑनलाइनचे ९.९०, दुसऱ्यावर उरलेल्या ३३० चे ४.९५, एकूण २६.८५, वजा फीचे ५, राहिले २१.८५. पाच पैसे कमी! तिसरं कार्ड, तिसरी ड्यू डेट, तिसरा पासवर्ड, आणि हाती उलट पाच पैशांचा तोटा.

यातून फीवाल्या कार्डाचा नियम काढता येतो तो लिहून ठेवा. फीची तुलना त्या कार्डाच्या पूर्ण टक्क्याशी करायची नाही, तुमच्याकडे आधीच असलेल्या कार्डापेक्षा ते किती जास्त देतं त्याच्याशी करायची. तिसरं ३% देतं पण तोच खर्च दुसऱ्यावर केला असता तरी १.५% मिळालेच असते, म्हणजे त्याची खरी भर १.५%. वर्षाची फी ६० भागिले ०.०१५ केलं की येतात ४,०००, म्हणजे महिन्याला साधारण ३३३. बिलं आणि ऑनलाइन मिळून महिन्याला ३३३ च्या वर जात असेल तरच फी वसूल, आपल्या उदाहरणात ३३० आहे, तिथेच अडकलं. तुमचा ऑनलाइन खर्च याच्या दुप्पट असेल तर अर्थातच माझं उत्तर बदलेल.

पहिल्या वर्षी फी माफ आणि जॉइनिंग बोनस असं दोन्ही असतं बऱ्याचदा, त्याने वरचा हिशोब पहिल्या वर्षापुरता उलटा होतो. घ्यायला हरकत नाही, पण बोनससाठी ठराविक दिवसांत अमुक इतका खर्च करा अशी अट असते आणि तो खर्च तुमचा नेहमीचाच असेल तरच. बोनससाठी वस्तू विकत घेतली तर तो बोनस नाही, ती वस्तूवरची सूट, तीही नको असलेल्या वस्तूवरची. आणि कार्ड मिळाल्या दिवशीच फोनमध्ये अकराव्या महिन्याचं रिमाइंडर लावून ठेवा, फी लागायच्या आधी बंद करायचं की ठेवायचं ते ठरवायला. अमुक खर्च केला तर फी वेव्हर, म्हणजे माफ, असं असेल तर तो आकडा वरच्या ढिगांशी ताडून बघा, वर्षअखेरीला वेव्हरच्या आकड्यापर्यंत पोचण्यासाठी उगाच खरेदी करणारी शहाणी माणसं मी पाहिलीत.

आता हे पैसे येतात कुठून ते थोडं समजून घ्या कारण त्यावरून कुठल्या खर्चावर कॅशबॅक मिळणार नाही हे न वाचताही ओळखता येतं. तुम्ही दुकानात कार्ड स्वाइप केलंत की दुकानदाराला पूर्ण रक्कम मिळत नाही, त्यातला काही टक्का कापला जातो, आणि त्या कापलेल्या रकमेतला मोठा वाटा तुम्हाला कार्ड देणाऱ्या बँकेकडे जातो, त्याला इंटरचेंज म्हणतात. कॅशबॅक मुळात त्यातून निघतो. ही कल्पना काही नवी नाही, अमेरिकेत १९८६ साली सिअर्स या दुकानसाखळीने डिस्कव्हर कार्ड बाजारात आणलं तेच कॅशबॅकच्या जोरावर, आणि तिथून बाकीच्यांनी उचललं. पण इंटरचेंज कमी झालं की कॅशबॅक आटतो. ऑस्ट्रेलियात तिथल्या मध्यवर्ती बँकेने २००३ मध्ये इंटरचेंजवर मर्यादा घातली, त्यानंतर तिथल्या रिवॉर्डची धार गेली. युरोपीय संघात २०१५ च्या नियमानुसार ग्राहकांच्या क्रेडिट कार्डावर ०.३% आणि डेबिटवर ०.२% एवढंच इंटरचेंज घेता येतं, त्यामुळे तिथे बिनफीचं सरसकट दीड टक्का देणारं कार्ड शोधत बसण्यात अर्थ नाही, बँकेलाच तेवढं मिळत नाही तर ती देणार कुठून.

म्हणजे बँकेला ज्या व्यवहारात कमी मिळतं तिथे कॅशबॅक नाही. इंधन विकणाऱ्यांचं मार्जिन पातळ, कर भरणा, सरकारी शुल्क, विमा, वीज-पाणी, तिथेही बहुधा तेच, म्हणून हे सगळं वगळलेल्या यादीत दिसतं. आणि ज्या कार्डाचा टक्का बँकेच्या इंटरचेंजपेक्षा उघडच मोठा दिसतो, जसं ५%, तिथे फरकाचे पैसे कुठून तरी भरून काढलेले असतात. एकतर कॅप लावून, एकतर फी घेऊन, एकतर एखाद्या मर्चंटने, म्हणजे विकणाऱ्याने, त्यातला भाग उचललेला असतो म्हणून त्याच्याच ॲपवर मिळतो, नाहीतर सरळ बिल वेळेवर न भरणाऱ्यांच्या व्याजातून. कॅप ठरवताना आम्ही काय बघायचो सांगू का? त्या कॅटेगरीत साधारण ग्राहक महिन्याला किती खर्च करतो ते काढायचं आणि कॅप त्याच्या थोडी खाली बसवायची. पुढचा स्वाइप सवयीने त्याच कार्डावर होतो, आणि त्यावर काही द्यावं लागत नाही. म्हणूनच वर म्हटलं, कॅप भरली की कार्ड आत सरकवा, ५% च्या कार्डाचा सगळा फायदा या एका सवयीत आहे.

कॅपबद्दल आणखी एक, ती महिन्याची आहे की तिमाहीची, आणि महिना म्हणजे कॅलेंडरचा की स्टेटमेंटचा, हे विचारून घ्या. स्टेटमेंट १७ तारखेला निघत असेल आणि कॅप स्टेटमेंटच्या महिन्यावर असेल तर १६ ला भरलेला किराणा आणि १८ ला भरलेला किराणा वेगवेगळ्या कॅपमध्ये मोजला जातो. त्यातही तारीख स्वाइप केल्याची नाही तर व्यवहार खात्यावर पोस्ट झाल्याची धरतात काही ठिकाणी, त्यामुळे अगदी काठावर खेळू नका.

कॅटेगरीचं प्रकरण जरा खोल आहे. किराणा म्हणजे काय हे तुम्ही किंवा तुमची बँक नाही ठरवत, दुकानाच्या मशीनला दिलेला एक चार अंकी कोड ठरवतो, मर्चंट कॅटेगरी कोड. आयएसओ १८२४५ हे त्याचं आंतरराष्ट्रीय मानक. किराणा-सुपरमार्केट ५४११, रेस्टॉरंट ५८१२, फास्ट फूड ५८१४, पेट्रोल पंप ५५४१, माणूस नसलेला पंप ५५४२, औषधाचं दुकान ५९१२, वीज-पाणी-गॅसची बिलं ४९००, डिपार्टमेंट स्टोअर ५३११, घाऊक मालाचे क्लब ५३००. आता बघा, तुम्ही मोठ्या डिपार्टमेंट स्टोअरच्या तळमजल्यावरून डाळ-तांदूळ आणलेत तरी मशीनवर कोड ५३११ असेल तर बँकेच्या लेखी तो किराणा नव्हे. हॉटेलात राहायला गेलात आणि जेवणाचं बिल खोलीवर लावलंत तर ते खाणं नाही, राहणं धरलं जाईल. विजेचं बिल एखाद्या वॉलेट ॲपमधून भरलंत तर तिथे कोड बिलाचा पडेल, का ॲपचा, सांगता येत नाही, आणि पैसे आधी वॉलेटमध्ये भरून मग बिल दिलंत तर ते वॉलेट भरणं झालं, त्यावर तर बहुतेक कार्डं काहीच देत नाहीत.

यावर तोडगा अगदी साधा आहे, नवीन कार्ड आलं की तुमच्या नेहमीच्या पाच-सहा दुकानांत प्रत्येकी एक लहानशी खरेदी करा आणि आठवड्याभराने ॲपमध्ये बघा कुठे ५% पडले आणि कुठे अर्धा. माझ्या नेहमीच्या दोन किराणा दुकानांपैकी एक असं निघालं की ज्याची पाटी किराण्याची, माल किराण्याचा, पण मशीन कुठल्याशा सर्वसाधारण मालाच्या कोडवर, बहुधा मालकाने कधीतरी दुसरा धंदा सुरू केला तेव्हाचं. कस्टमर केअरशी दोनदा भांडलो पण उपयोग शून्य, कोड दुकानाच्या बँकेने लावलेला असतो, तुमच्या बँकेच्या हातात नसतो. शेवटी मी दुकान बदललं नाही, त्या दुकानात सरसकट वालं कार्ड वापरायला लागलो.

स्लॅबकडे लक्ष द्या. काही कार्डं थेट टक्का देत नाहीत, दर १०० खर्चाला इतके पॉइंट असं देतात, आणि वरची चिल्लर सोडून देतात. १४५ ची खरेदी केलीत तर मोजले १०० च, ४५ गेले, म्हणजे जवळजवळ ३१% खर्चावर काहीच नाही. ९५ ची केलीत तर सगळंच गेलं. रोज लहान लहान खरेदी करणाऱ्या माणसाला असलं कार्ड कागदावर २% दाखवेल आणि प्रत्यक्षात सव्वा-दीडवर आणेल. घरखर्चासाठी कार्ड बघताय तर प्रत्येक व्यवहारावर अगदी शेवटच्या पैशापर्यंत मोजणारं बघा, किंवा निदान महिन्याच्या एकूण बेरजेवर मोजणारं.

आणि पॉइंट म्हणजे कॅशबॅक नव्हे. एका पॉइंटची किंमत स्टेटमेंटमध्ये वळती करताना किती, ते विचारा, गिफ्ट व्हाउचर घेताना किती ते नको. कितीतरी ठिकाणी व्हाउचरला एक भाव आणि रोखीला त्याच्या निम्मा भाव असतो. रिडीम करायला किमान इतके पॉइंट साठायला हवेत, रिडीम करण्याची वेगळी फी, दोन वर्षांनी एक्स्पायरी, या सगळ्या चाळण्यांतून खाली येतं ते तुमचं. न वापरता मेलेले पॉइंट हा बँकेसाठी हिशोबात आधीच धरलेला फायदा असतो, त्याला धंद्याच्या भाषेत ब्रेकेज म्हणतात. आपोआप दर महिन्याला बिलात वजा होणारा कॅशबॅक, तुम्हाला काहीही दाबावं न लागणारा, तो सगळ्यात चांगला, भले टक्का थोडा कमी असो.

आता माझीच फजिती सांगतो कारण बिलात वजा होण्याच्या याच गोष्टीने मला धडा दिला. आकडे उदाहरणाच्या मापात सांगतो. बिल आलं होतं ९१२ चं, ॲपमध्ये कॅशबॅक १२ जमा असं दिसत होतं, मी आपला ९०० भरून मोकळा. पण तो १२ चा कॅशबॅक बिल निघाल्यानंतर जमा झालेला, म्हणजे पुढच्या बिलातला, आणि त्यांच्या अटींत स्पष्ट लिहिलेलं की कॅशबॅकची जमा ही बिलाचा भरणा म्हणून धरली जाणार नाही. झालं, १२ कमी भरले म्हणजे बिल पूर्ण भरलं नाही, आणि पूर्ण भरलं नाही की बिनव्याजी मुदत गेली, व्याज राहिलेल्या १२ वर नाही तर प्रत्येक खरेदीच्या तारखेपासून सगळ्या रकमेवर. महिन्याला ३% दराने सरासरी ३५ दिवसांचं व्याज झालं ३१ च्या आसपास. दोन कार्डं नीट वापरून महिन्याला २१.९० मिळतात म्हटलं ना वर, तसे दीड महिन्याचे पैसे एका फटक्यात गेले, आणि वर पुढच्या महिन्याच्या नव्या खरेदीलाही पहिल्या दिवसापासून व्याज चालू, कारण मागची बाकी शून्य होईपर्यंत बिनव्याजी मुदत परत मिळत नाही. आणि मी हे काम करणारा माणूस! त्या दिवसापासून पूर्ण बिलाचं ऑटो-डेबिट लावलंय आणि कॅशबॅक जमा झाला की नाही याकडे भरताना बघतच नाही.

ऑटो-डेबिट लावताना पर्याय येतो, टोटल ड्यू की मिनिमम ड्यू. तिथे चुकून मिनिमम निवडलेली माणसं माझ्याकडे वर्षातून दोन-तीन तरी येतात. मिनिमम म्हणजे साधारण ५% च्या आसपास रक्कम, ती भरली की लेट फी लागत नाही एवढंच, व्याज चालूच. महिन्याला ३% म्हणजे चक्रवाढीने वर्षाला ४२.६% होतात. तुमच्यापैकी कुणाची आत्ता कार्डावर बाकी असेल तर कॅशबॅकची तुलना हा विषयच बंद ठेवा, आधी ती बाकी फेडा, मग कमी व्याजाचं कर्ज काढून फेडावी लागली तरी चालेल.

एटीएममधून क्रेडिट कार्डाने रोख काढू नका, तिला बिनव्याजी मुदतच नाही, फी वेगळी, आणि कॅशबॅक अर्थातच नाही. परदेशी चलनातल्या खरेदीवर बऱ्याच कार्डांची ३% च्या आसपास फी असते, मग दीड टक्का कॅशबॅक मिळून काय उपयोग, तोटाच. मशीनवर किंवा वेबसाइटवर "तुमच्या चलनात भरायचं का" असं विचारलं तर नाही म्हणा, त्यांचा रूपांतराचा भाव तुमच्या बँकेपेक्षा महागच पडतो बहुतेक वेळा.

दुकानदार कार्डाला वर दीड-दोन टक्के मागत असेल तर तिथे कार्ड काढूच नका, तुमचा कॅशबॅक आणि त्याचा हा जादा आकार एकमेकांत फिटतात किंवा तुम्हीच देणं लागता. काही देशांत याला परवानगी आहे, ऑस्ट्रेलियात ती २००३ मध्ये दिली गेली, तर युरोपीय संघात जानेवारी २०१८ पासून ग्राहकांच्या बहुतेक कार्डांवर असा आकार लावायला बंदी. जिथे आकार नाही पण रोख दिल्यावर सूट मिळते तिथेही गणित तेच, सूट २% असेल आणि तुमचा कॅशबॅक १.५% तर रोख द्या.

एक गोष्ट आकड्यात पकडता येत नाही पण सांगायला हवी. एमआयटीतल्या ड्रेझन प्रेलेक आणि डंकन सिमेस्टर यांनी २००१ मध्ये एक प्रयोग छापला होता, विद्यार्थ्यांना बास्केटबॉलच्या सामन्याच्या तिकिटांवर बोली लावायला सांगितली, काहींना रोख द्यायची होती, काहींना कार्डाने. कार्डवाल्यांच्या बोल्या रोखवाल्यांच्या दुपटीच्या आसपास गेल्या. म्हणजे प्रत्येक जण घरखर्चात दुप्पट उधळतो असं नाही, तिकिटाची किंमत मुळात कुणाला माहीत नसते, दुधाची असते. पण आपल्या उदाहरणात महिन्याला २१.९० कमवायला निघालात आणि "कॅशबॅक मिळतोय ना" म्हणून २२ चा जादा खर्च केलात की सगळं शून्य. मी लोकांना सांगतो की कार्ड घेण्याआधीच्या तीन महिन्यांची आणि घेतल्यानंतरच्या तीन महिन्यांची एकूण बेरीज शेजारी शेजारी लिहा. घरखर्च ३% वाढलेला दिसला आणि भाववाढीने त्याचं स्पष्टीकरण होत नसेल, तर तुमच्यासाठी सगळ्यात चांगलं कॅशबॅक कार्ड म्हणजे डेबिट कार्ड.

राहिलं घरभाडं. भाडं कार्डावर घेणारी ॲपं मधे स्वतःची फी लावतात, ती एक-दोन टक्क्यांच्या पुढेच असते साधारण, आणि भाड्याला बऱ्याच कार्डांवर कॅशबॅक बंद आहे. दोन्ही तपासा, फीपेक्षा कॅशबॅक जास्त पडत असेल असं मला तरी क्वचित दिसतं. जॉइनिंग बोनसची खर्चाची अट पुरी करायला एखाद्या महिन्यात भाडं टाकलं, बोनस फीच्या कितीतरी पट असेल तर, तेवढं ठीक, पण आधी बोनसच्या अटीत भाडं मोजतात ना ते बघा.

आणि ॲड-ऑनचं, दुप्पट होत नाही. ॲड-ऑन कार्ड तुमच्याच खात्याला जोडलेलं असतं, लिमिट एक, बिल एक आणि कॅपही एकच, उलट दोघं दोन ठिकाणी स्वाइप करत असलात की १२ ची कॅप कधी भरली ते कुणालाच कळत नाही. दुप्पट हवं असेल तर जोडीदाराने स्वतःच्या नावावर स्वतःच्या उत्पन्नावर तेच ५% चं कार्ड वेगळं घ्यायचं, त्याला स्वतंत्र कॅप. आपल्या उदाहरणात किराणा-खाण्याचे कॅपबाहेर राहिलेले १८० त्या दुसऱ्या कार्डावर ५% ने ९ देतील, सरसकट वाल्यावर त्यांचेच २.७० मिळत होते, म्हणजे महिन्याला ६.३० ची निव्वळ भर, फी नसताना. तिसऱ्या फीवाल्या कार्डापेक्षा हे कितीतरी बरं. फक्त त्या कार्डाचं ऑटो-डेबिट ज्या खात्यातून जाणार त्या खात्यात ड्यू डेटला पैसे असतील हे कोण बघणार, ते दोघांनी आधी ठरवा.